मे महिना, एकटा माणूस, पांदणीचे रस्ते: किलोमीटर नंतर, आधी दुपार ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्याचे, २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेऱ्या) केलेल्या आहेत, कच्च्या रस्त्यांवर चालणारी ग्रॅव्हल सायकल नवी घेतली आहे आणि सुट्टी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच मिळते आहे. वर्ध्याहून निघून आर्वी, कौंडण्यपूर, मोझरी, चांदूरबाजार, परतवाडा करत चिखलदऱ्याला पोचायचं, शक्यतो डांबर टाळून पांदणीने (शेतांमधल्या कच्च्या गाडीवाटेने) आणि कालव्याच्या कडेने, एकट्याने, तीन दिवसांत. विचारलंय ते असं: पाणी किती लिटर न्यायचं, टायर कोणता लावायचा आणि दिवसाला दहा तास चालवणं जमेल का?

तिन्हींची उत्तरं देतो. पण तुमच्या बेतात मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच तुम्ही कुठे असणार, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. वळणंबिळणं धरून रस्ता दोन-सव्वादोनशे किलोमीटरचा. ब्रेव्हेवाल्याला वाटतं, एवढं तर मी एका दिवसात करतो. ऑक्टोबरात कराल. मेमध्ये विदर्भात सायकलीचा बेत दुपारच्या सावलीपासून मागे मोजत आखायचा असतो. आधी सावली कुठे आहे ते ठरवा, मग तिथपर्यंत सकाळी पोचता येईल असं अंतर काढा. जे निघेल ते त्या दिवसाचं अंतर.

काही गोष्टी माझ्या हातात नाहीत, त्या आधीच सांगतो. तुमचं वजन, घाम किती येतो, रक्तदाबाची किंवा ॲलर्जीची गोळी चालू आहे का (यातल्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात, काही घामच कमी करतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या), यावर बरंच अवलंबून आहे. आणि प्रत्येक मे सारखा नसतो. एखाद्या वर्षी ढग येऊन पारा ४१वर अडतो, एखाद्या वर्षी अकोला, वर्धा, चंद्रपूर ४६ला टेकतात. हवामान खातं सांगतं ते तापमान सावलीतलं असतं, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर ठेवलेल्या पेटीतलं. तुम्ही असणार उन्हात, तापलेल्या मुरमावर.

आता कारण सांगतो, कारण ते समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता ओढून नेतो. हवा ४४ अंशांवर गेली की तोच वारा उष्णता अंगात घालतो. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम येणं आणि तो वाळणं. विदर्भाची मेमधली दुपार इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडतो. अंग कोरडं, म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं की फारसा घाम येतच नाहीये. जर्सीच्या पाठीवर पांढरी नक्षी उमटलेली दिसली की कळतं किती मीठ गेलं ते. तहान लागण्याची किंवा कपडे भिजण्याची वाट बघू नका, इथे दोन्ही उशिरा सांगतात.

दुसरी गोष्ट चढाची. सपाटीवर १८च्या वेगाने जाताना स्वतःच्या चालण्याचा वारा मिळतो आणि घाम वाळतो. घाटात सामानासकट वेग सहा-सातवर येतो, आणि मागून वारा असेल तर अंगाला हवाच लागत नाही. मेहनत दुप्पट, वारा शून्य. म्हणून घाट पहिल्या उन्हातच चढायचा, तिसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी तर नाहीच.

यावरूनच माझा पहिला सल्ला: रस्ता उलटा करा. मे महिन्यात इथे दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. वर्ध्याहून चिखलदऱ्याकडे जाताना तो रोज तोंडावर, आणि शेवटी घाट. उलट्या बाजूने आलात तर घाट पहिल्याच सकाळी ताज्या पायांनी संपतो आणि मग वारा बहुतांशी पाठीवर. पुण्याहून बडनेऱ्यापर्यंत थेट गाड्या आहेत. तिथून परतवाड्याला एखादी टेम्पो-जीप करून जा, सायकल चालवत जाऊ नका, तो दिवस अंगाला उन्हाची ओळख करून द्यायचा. शेवट वर्ध्याला, म्हणजे परतीची गाडीही मुख्य लाइनवर. परतवाड्याच्या लॉजवर जड पिशव्या ठेवून फक्त पाणी, खाणं आणि एक जोड कपडे घेऊन वर चढा. धामणगाव गढीवरून चिखलदरा तीसेक किलोमीटर आहे आणि चिखलदऱ्याची उंची १११८ मीटर, म्हणजे चढ सातशे मीटरच्या पुढे. नऊ-साडेनऊला वर पोचलात की तो दिवस संपला. वरची दुपार खालच्यापेक्षा बरीच निवलेली असते, रात्र तर छान. अंग सावरायला याहून चांगली जागा नाही.

इथे एक पेच आहे, तो फक्त आपल्याकडचा. उन्हाच्या हिशेबाने पहाटे तीन-साडेतीनला निघावं हे कुणीही सांगेल. पण मेळघाटच्या रस्त्यावर अंधारात एकटा सायकलवाला नको. एप्रिल-मेमध्ये मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी माणसं जंगलात, पाणवठे आटलेले, अस्वलं आणि वाघ-बिबटे पाण्याच्या आणि सावलीच्या शोधात. सायकलीचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणावर दोघंही दचकतात. म्हणून अंधाराचे तास उघड्या शेतशिवारात घालवायचे आणि जंगलाचे तास उजाडल्यानंतरचे. अमरावतीकडे मेच्या मध्यावर सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो. घाट त्या वेळी सुरू करा, आधी नाही. आर्वी ते खरांगणा या बाजूलाही जंगल रस्त्याला लागून येतं. तो तुकडा सहानंतर यावा असं गणित बसवा.

मी आखलं असतं तर असं आखलं असतं. पहिला दिवस परतवाडा ते चिखलदरा. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उतरायचं, परतवाड्याला पिशव्या उचलायच्या आणि नऊच्या आत चांदूरबाजार. दुपार आणि रात्र तिथेच, लॉजवर, कूलर चालू आहे हे खोली घेण्याआधी स्वतः बघून. तिसऱ्या दिवशी पावणेचारला निघून मोझरी, सगळा पट्टा शेताचा, त्यामुळे अंधाराची भीती नाही (कुत्र्यांची आहे, गावात शिरताना उतरून चाला). दुपार गुरुकुंजात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे, सावली आहे, पाणी आहे आणि सायकलवाल्याला कुणी वेड्यात काढत नाही. संध्याकाळी साडेपाचला निघून कौंडण्यपुरापर्यंत वीसेक किलोमीटर. चौथ्या दिवशी पहाटे आर्वी, उजाडल्यावर खरांगणा, दहाच्या आत वर्धा. तीनाचे चार दिवस झाले. सुट्टी तीनच दिवसांची असेल तर चांदूरबाजार ते मोझरी हा तुकडा गाडीत घाला. चौथ्या दिवसाचं अंतर तिसऱ्यात कोंबू नका.

म्हणजे दहा तासांचं उत्तर नाही असं आहे. पहाटे साडेतीन-चार ते साडेनऊ, आणि जमलं तर संध्याकाळचा दीड तास. पांदणीवर सामानासकट सरासरी १४-१५ पडते. सत्तर किलोमीटर हा चांगला दिवस, नव्वद ही हद्द. आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही. शेगावची पालखी पंढरपूरला निघते ती बहुतेक वर्षी अशाच उन्हात, मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, आणि वारकरी पहाटेच चालू लागतात.

दुपारची जागा कशी निवडायची, यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथेच माणसं फसतात. टिनाच्या पत्र्याखालचा बसथांबा ही सावली नव्हे, पत्रा वरून भाजतो. सिमेंटच्या स्लॅबची खोली दुपारी तीननंतर तापते आणि रात्री अकरापर्यंत तापलेलीच राहते. सगळ्यात चांगलं म्हणजे जुन्या देवळाचा दगडी सभामंडप किंवा कवेलूचं (कौलारू) घर, आणि बाहेर वड नाहीतर कडुनिंब. कूलर असेल तर उत्तमच. या कोरड्या हवेत तो झकास चालतो, पावसाळ्यात चालत नाही, कारण तोही पाणी वाळवूनच गार करतो. तुमच्या डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा तेच काम करतो. हेल्मेटखाली पातळ सुती दुपट्टा, कान आणि मान झाकून, आणि प्रत्येक हापशीवर तो भिजवायचा. अर्ध्या तासात कडक वाळतो, पुन्हा भिजवायचा.

दुपारी कुठे टेकायला गेलात की गावातलं कुणीतरी म्हणणारच, "एवढ्या उन्हात कुठं चाल्ले भाऊ? बसा न थोडं." बसा. माठातलं पाणी येईल, मग चहा येईल, मग जेवायचा आग्रह होईल. आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं, मनगटं आणि मान ओली करायची, मग घोट घोट पाणी, मग जेवण. भाकर, ठेचा, कांदा, वरून ताक, याहून चांगलं काही विकत मिळत नाही. मग दोन तास झोप. पहाटे तीनला उठणाऱ्याची रात्र लहान असते आणि मेमधली रात्रही तीसच्या आसपास तापलेली, त्यामुळे दुपारची झोप ही चैन नाही, तो बेताचा भाग आहे. साडेचारला ऊन उतरल्यासारखं वाटेल आणि पाय शिवशिवतील. थांबा. पाच वाजताही पारा ४२ असू शकतो.

आता पाणी. किती लिटर हे घरीच काढता येतं. पुण्यात दुपारी एक तास चालवा, आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. कमी झालेले किलो अधिक प्यायलेले लिटर, एवढा तुमचा तासाचा घाम. पुष्कळांचा तो लिटरच्या आसपास येतो, उन्हात त्याहून जास्त. पण पोट तासाला पाऊण ते एक लिटरच्या वर नीट पचवत नाही. म्हणजे कितीही पाणी बरोबर असलं तरी भर दुपारी तुम्ही तुटीतच चालवणार, आणि ती तूट फक्त सावलीत भरते. म्हणूनच लिटरचा प्रश्न दुय्यम.

तरी आकडा हवाच. दोन पाण्यांच्या जागांमध्ये २५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. १५च्या वेगाने पावणेदोन तास, पिण्याचं दीड लिटर. पंक्चर झालं, वाट चुकली, त्यासाठी तितकंच आणखी. डोक्यावर आणि दुपट्ट्यावर ओतायला एक लिटर. झाले चार लिटर. बाटल्यांना सुती मोजे चढवून ते ओले ठेवा, पाणी प्यावंसं वाटेल इतकं गार राहतं. पाण्याची जुनी कापडी छागल कुठे मिळाली तर हँडलला बांधा, तिच्यापुढे महागड्या थर्मास-बाटल्या फिक्या. पाणी कुठे भरायचं? पानठेल्यावर जारचं थंड पाणी मिळतं, ग्रामपंचायतीचं फिल्टरचं यंत्र असतं, हापशी असते. पण रस्ता बदलून भातकुली, दर्यापूर, अंजनगावकडे सरकलात तर तो खारपाणपट्टा आहे. हापशीचं पाणी मचूळ लागतं, त्याने तहान भागत नाही. तिथे फक्त नळाचं किंवा जारचं घ्या.

नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पीत राहणं हेही धोक्याचं. घामातून मीठ जातंय आणि वरून पाणी ओततोय, अशाने रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं अशी सुरुवात होते आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पितो. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी, २०-२१ ग्रॅमची, पूर्ण एक लिटरमध्ये. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करू नका. मेडिकलवरच्या गोड डब्यांना ओआरएस समजू नका. असं नाव लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, तरी पुडीवरचं सूत्र वाचूनच घ्या. बाकी मीठ खाण्यातून येऊ द्या: सकाळी तर्री-पोहे, दुपारी ताक, पन्हं. रसवंतीचा रस प्या, पण बर्फाशिवाय. त्या बर्फाने पोट बिघडलं तर तुमचा बेत तिथेच आटोपला. जुलाब किंवा गेल्या आठवड्यातला ताप, दोन्हींत मुळीच निघू नका.

टायर: ४० ते ४५ मिलिमीटर, ट्युबलेस. कारण दोन. मेमध्ये पांदणीवर घोटाभर फुफाटा असतो, त्याखाली बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या वाळलेल्या चाकोऱ्या, आणि काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा. अरुंद चाक त्यात अडकतं. दुसरं कारण काटे. बाभळीची छाटलेली काटेरी डहाळी धुऱ्यावरून (बांधावरून) पांदणीत येते आणि सराटे तर सगळीकडे. सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) निघण्याआधी ताजं भरा, या उष्णतेत ते लवकर वाळतं. पहाटे भरलेली हवा दुपारपर्यंत दोन-तीन पीएसआयने वाढते, तेव्हा पहाटे जराशी कमीच ठेवा. अडीअडचणीला दोन ट्यूब आणि व्हॉल्व्हचा पितळी ॲडॉप्टर जवळ हवा, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप तुमच्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही. कालव्याचा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, प्रत्यक्षात मध्येच गेट आणि बोरी-बाभळी, आणि तिथे मैलभर सावली नसते. तो फक्त उजाडताना.

एकट्याने जाण्याबद्दल. ऊन लागायला लागतं तेव्हा पहिली जाते ती अक्कल, आणि नेमकी ती गेलेली स्वतःला कळत नाही. एका ब्रेव्हेच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, मी कार्डं तपासायला बसलो होतो. एक तरुण आला, चांगला चालवणारा. कार्डावर वेळ लिहायच्या जागी त्याने स्वतःचं नाव लिहिलं, मग खोडलं आणि परत नावच लिहिलं. हेल्मेटचा बक्कल उघडायला त्याची बोटं दोनदा घसरली. विचारलं तर म्हणाला, "एकदम ओके." चेहरा लाल, बोलणं जरा जास्तच हळू. आम्ही त्याला सावलीत आडवं केलं, अंगावर पाणी ओतलं, वारा घातला, अर्ध्या तासाने तो माणसात आला. त्याच्याजवळ आम्ही होतो. तुमच्याजवळ कुणी नसेल.

म्हणून निर्णय आदल्या रात्री, डोकं थंड असताना करून ठेवायचा. माझे नियम साधे आहेत. घड्याळात साडेदहा वाजले की पुढच्या पहिल्या सावलीला थांबायचं, मुक्काम चार किलोमीटरवर असला तरी. नेहमीच्या वेगाला नाडी नेहमीपेक्षा पंधराने वर असेल आणि सावलीत दहा मिनिटं बसूनही उतरत नसेल, तर त्या दिवसाची सायकल संपली. थांब्यावर मोबाइलचा स्वतःचा नंबर उलटा म्हणून बघायचा. अडखळलो तर बसायचं. अंगावर काटा येणं, उन्हात थंडी वाजणं, उलटी होणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रस्त्यावर येऊन पहिल्या माणसाला सांगायचं, "मला ऊन लागलंय, १०८ला फोन करा." आधी गार करणं, मग दवाखाना. पॅरासिटामॉलची गोळी इथे कामाची नाही.

लोकेशन पाठवत राहण्यावर विसंबू नका. पांदणीत नेटवर्क जातं आणि हँडलवर उन्हात ठेवलेला मोबाइल तापून बंदच पडतो. तो पिशवीत ठेवा आणि गावांची नावं, अंतरं आणि पाण्याच्या जागा कागदावर लिहून वरच्या नळीला चिकटवा. घरच्या एका माणसाला तीन फोन: निघताना, दुपारी थांबल्यावर, रात्री. दुपारचा फोन बारापर्यंत आला नाही तर त्याने कुणाला फोन करायचा ते नंबर त्याच्याकडे हवेत. रात्रीच्या मुक्कामाच्या गावी पोलीस पाटलांना सांगून ठेवलं तर आणखी बरं.

पुण्याच्या उन्हाने अंग तयार होईल का? बरंचसं. निघण्यापूर्वी दहा-बारा दिवस रोज दुपारी तास-दीड तास चालवा, सावकाश. घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. मध्ये आठवडाभर एसीत बसलात तर त्यातलं बरंच ओसरतं, म्हणून हे अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ठेवा.

आता तारीख. शक्य असेल तर तिसऱ्याऐवजी पहिला आठवडा बघा. २५ मेच्या सुमारास नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस) लागतो, त्याच्या तोंडावर निघण्यात काही हशील नाही. आठवडाभर आधीपासून नागपूरच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहा. सलग दोन दिवस ४५च्या वर दाखवत असतील तर तिकीट रद्द करा. वळिवाचा इशारा असेल तर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये हवं, कारण मोकळ्या वावरात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, आणि एकट्या झाडाखाली तर अजिबात उभं राहायचं नाही. शिवाय दहा मिनिटांची सर पडली तरी काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फोर्कमध्ये फिरेनासं होतं. मग सायकल खांद्यावर आणि तुम्ही डांबरी रस्त्याकडे. आणि एकदा पावसाळा लागला की ही माती सुकून पांदणी पुन्हा चालण्याजोग्या होतात त्या दिवाळीनंतर. सुट्टी पुढे ढकलता येत असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. तेव्हा तुमचा तीन दिवसांचा बेत जसाच्या तसा चालेल, आणि वर्ध्याहून चिखलदरा या दिशेनेही.